दूर पल्ल्याची डोंगरधांव व सोबत्याचें कर्तव्य

शाळेच्या क्रीडादिनीं शंभर मीटरांची शर्यत सुटली म्हणजे टाळ्यांचा जो कडकडाट होतो, तो बारा-पंधरा सेकंदांत संपतो. आज ज्या धांवण्याविषयीं आम्ही लिहिणार आहों, त्यांत टाळ्या वाजविण्यास वाटेवर कोणी उभें नसतें, आणि तें पहांटे सुरू होऊन दिवस मावळला तरी पुष्कळदां संपत नाहीं. मॅरेथॉन शर्यतीचें अंतर 42.195 किलोमीटर ठरलेलें आहे. त्याहून लांब जें जें धांवणें, त्यास 'अल्ट्रा' असें नांव आहे. तेंच सडकेवर न होतां डोंगर चढत-उतरत व रानांतून वाट काढीत व्हावयाचें असेल, तर त्याचें स्वरूपच पालटतें. उभ्या चढावर उत्तम धांवणाराही चालतो. सपाटीवर व सौम्य उतारावर तो धांवतो. आणि येथें पायांइतकेंच पोटाचें, डोळ्यांचें व विवेकाचें काम असतें.

आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं या विषयावर वारंवार प्रश्न विचारले आहेत. दोघांतिघांनीं तर घरीं न कळवितां असा एक बेत आंखल्याचेंही आमच्या कानीं आलें. नुसती मनाई करून तरुण मनाची ओढ थांबत नाहीं, हें इतक्या वर्षांच्या शिक्षकीनें आम्हांस शिकविलें आहे. म्हणून या धांवेंतील गुण कोणते, धोके कोणते, आणि ती मित्रांच्या संगतीनेंच कां करावी, याचा विचार येथें क्रमानें करूं.

पूर्वेतिहास

इंग्लंडच्या वायव्य भागांत लेक डिस्ट्रिक्ट नांवाचा सरोवरांचा व डोंगरांचा प्रदेश आहे. तेथील केझिक या गांवीं बॉब ग्रॅहम नांवाचे गृहस्थ पाहुण्यांच्या उताऱ्याचें घर चालवीत. 1932 सालच्या जून महिन्याच्या 13 व 14 या तारखांस त्यांनीं गांवांतील मूट हॉल या इमारतीपासून निघून बेचाळीस शिखरें पालथीं घातलीं, आणि 23 तास 39 मिनिटांनीं ते त्याच जागीं परत आले. हें अंतर सुमारें 106 किलोमीटर असून सर्व चढांची बेरीज सुमारें 8,200 मीटर भरते. म्हणजे एव्हरेस्टच्या 8,849 मीटर उंचीस ती फारशी उणी नाहीं. हा विक्रम अठ्ठावीस वर्षें कोणास मोडतां आला नाहीं. 1960 सालीं ॲलन हीटन यांनीं तोच फेरा 22 तास 18 मिनिटांत पुरा केला. पुढें 1982 सालीं बिली ब्लँड यांनीं तो 13 तास 53 मिनिटांवर आणला, व त्यावर 2018 सालीं किलियन जोर्ने यांनीं 12 तास 52 मिनिटांची नोंद केली.

परंतु विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी ती गोष्ट या आंकड्यांहून निराळी आहे. ग्रॅहम एकटे धांवले नाहींत. वाटेच्या निरनिराळ्या टप्प्यांवर त्यांचे मित्र त्यांच्याबरोबर होते. 1971 सालीं हा फेरा चोवीस तासांच्या आंत पुरा करणारांचें एक मंडळ स्थापन झालें. त्याचा नियम असा कीं, प्रत्येक शिखरावर धांवणाराबरोबर सोबती असला पाहिजे, व तो माथा गांठल्याची साक्ष त्या सोबत्यानें दिली पाहिजे. हे सोबती अन्न व पाणी वाहतात, धुक्यांत वाट दाखवितात, वेळ टिपून ठेवतात. यादींत नांव चढतें तें एकाचें. श्रम मात्र अनेकांचे असतात. साक्ष हा शब्द आम्हां ख्रिस्ती लोकांस परका नाहीं. साक्ष देण्यासाठीं आधीं त्या जागीं स्वतः जावें लागतें, हा त्याचा अर्थ त्या डोंगरांतील लोकांनीं चांगला जाणला आहे.

याच्या उलट प्रकारचें एक उदाहरण अमेरिकेंत आहे. टेनेसी राज्यांतील फ्रोझन हेड या डोंगराळ अरण्यांत बार्कली नांवाची शर्यत होते. तिच्यांत साठ तासांत पांच फेरे करावयाचे असतात, आणि बाहेरच्या कोणास वाटेवर सोबत करण्याची परवानगी नसते. 2024 च्या मार्च महिन्यांत जॅस्मिन पॅरिस या बाईंनीं ती 59 तास 58 मिनिटें 21 सेकंदांत संपविली. ती पुरी करणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत, व त्यांच्या हातीं अवघे 99 सेकंद उरले होते. त्या पशुवैद्यक आहेत, आणि 2016 सालीं ग्रॅहम यांचा फेराही त्यांनीं 15 तास 24 मिनिटांत केला होता. अशा असामान्य व्यक्तींस आपण आदरानें नमस्कार करावा. पण अनुकरण करावयाचें तें आधीं केझिकच्या मित्रमंडळींचें.

शरीराचा जमाखर्च

आतां शरीराचा हिशेब मांडूं. आपल्या स्नायूंत व यकृतांत ग्लायकोजेन नांवाची साखर सांठविलेली असते. प्रौढ मनुष्याच्या ठिकाणीं हा सांठा साधारणतः 400 ते 500 ग्रॅम असतो. ग्रॅममागें चार किलोकॅलरी धरल्या, तर 1,600 ते 2,000 किलोकॅलरी झाल्या. धांवतांना दर किलो वजनामागें व दर किलोमीटरमागें सुमारें एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे साठ किलो वजनाच्या मनुष्यास पन्नास किलोमीटरांसाठीं सपाटीवरच 3,000 लागतील, व डोंगरावर त्याहून अधिक. चरबीचा सांठा पुष्कळ असतो खरा, पण ती सावकाश जळते. म्हणून तूट भरून काढण्यास वाटेंत खावेंच लागतें, आणि तें भूक लागल्यावर नव्हे, तर पहिल्या तासापासून. दर तासास 30 ते 60 ग्रॅम पिष्ट किंवा साखर पोटांत जावी, असा सर्वसाधारण नियम आहे. गुळाची चिक्की, खजूर, केळीं, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, गूळपोळी हे आपल्या घरचे पदार्थ या कामास उत्तम आहेत.

दुसरी गोष्ट उताराची. चढाला दम लागतो म्हणून तो कठीण वाटतो. पाय खरे मोडतात ते उतारावर. उतरतांना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतांनाच शरीराचा भार तोलून धरतात, आणि त्यामुळें त्यांच्या तंतूंस सूक्ष्म इजा होते. ती वेदना त्या दिवशीं थोडीच जाणवते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं जिना उतरतां येत नाहीं. यास उपाय एकच: अनेक महिने थोडथोड्या उतारांचा सराव करून मांड्या तयार करणें.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि हिच्याविषयीं फार चुकीची समजूत आहे. पाणी कमी पडलें तर मनुष्य धोक्यांत येतो, हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु घामावाटें जाणाऱ्या पाण्याहून अधिक पाणी पोटांत ओतलें, तर रक्तांतील सोडियम पातळ होतें. पाणी पेशींत शिरून त्या फुगतात. आणि कवटीच्या आंत मेंदूस फुगण्यास जागा नसल्यामुळें डोकेदुखी, वांति, भ्रम व क्वचित् मृत्यूही ओढवतो. 2002 सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमध्यें 488 धांवणारांचें रक्त तपासण्यांत आलें, तेव्हां त्यांतील शेंकडा 13 जणांचें सोडियम खालावलेलें आढळलें. म्हणून तहान हीच मार्गदर्शक मानावी. दर वळणावर सवयीनें बाटली तोंडास लावूं नये.

वेळेचें गणित

1892 सालीं विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानें डोंगरी प्रवासाचा एक साधा नियम सांगितला. दर तीन मैलांस एक तास, व दर दोन हजार फूट चढास आणखी एक तास. आपल्या मापांत सांगावयाचें तर, दर पांच किलोमीटरांस एक तास आणि दर सहाशें मीटर चढास एक तास असें ढोबळ मानानें म्हणतां येईल. सिंहगड, राजगड व तोरणा हे तीन गड एका दिवसांत जोडण्याचा बेत पुणें जिल्ह्यांत पुष्कळांच्या परिचयाचा आहे. त्या वाटेस हा नियम लावून पाहूं. अंतर सुमारें पन्नास किलोमीटर, म्हणून दहा तास. चढांची बेरीज एकवीसशें मीटर धरली, तर साडेतीन तास. एकूण साडेतेरा तास झाले. पहांटे चार वाजतां निघालें तर सायंकाळीं साडेपांच वाजतात. आणि डिसेंबरांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे हातांत अर्धा तास! या हिशेबांत विश्रांति नाहीं, वाट चुकणें नाहीं, व आजारपणही नाहीं. तें सर्व आमच्या वांट्यास कसें आलें, तें आतां सांगतों.

आमचा अनुभव

2023 सालच्या डिसेंबर महिन्यांत, नाताळाच्या सुटीपूर्वीं, आम्ही चौघे मित्र या वाटेस निघालों. गणिताचे शिक्षक, चित्रकलेचे शिक्षक, आमचे एक डॉक्टर मित्र, आणि आम्ही स्वतः. रविवारची उपासना चुकूं नये म्हणून शनिवार निवडला होता. आतकरवाडीच्या पायथ्याशीं अंधारांतच लहानशी प्रार्थना केली, आणि एक करार केला: जितके निघालों तितके बरोबर राहूं, जो सर्वांत मंद, त्याचा वेग तोच सर्वांचा वेग.

सिंहगड चढून कल्याण दरवाजानें बाहेर पडलों, तेव्हां पूर्वेस अजून उजाडावयाचें होतें. पुढची सोंड धरून, वाळलेल्या गवतांतून, कारवीच्या काटक्या बाजूस सारीत आम्ही विंझरकडे उतरलों. हवा थंड होती. घाम बेताचाच येत होता. चित्रकलेचे मास्तर मोठ्या आनंदांत होते. निघण्यापूर्वीं घरच्यांनीं त्यांना बजावलें होतें कीं, पाणी कमी पडूं देऊं नका. तो उपदेश ते इतक्या निष्ठेनें पाळीत होते कीं, पाठीवरची दोन लिटरांची पिशवी त्यांनीं विंझरला भरून घेतली व गुंजवणें गांवीं पुन्हा भरून घेतली. आम्हीं तर इतरांस त्यांचें उदाहरण घालून दिलें.

दुपारीं बाराच्या सुमारास चोर दरवाजाची अवघड वाट चढून आम्ही राजगडाच्या पद्मावती माचीवर आलों. चित्रकलेचे मास्तर देवळाजवळच्या सांवलींत बसले आणि बसतांच त्यांस वांति झाली. डोकें फार दुखतें, असें ते म्हणाले. आम्हीं त्यांस धीर देत म्हटलें, "थोडें बसा, दोन गड झाले, आतां एकच राहिला." ते शांतपणें म्हणाले, "दोन कसे? राजगड अजून चढावयाचा आहे." आम्ही राजगडावरच बसलों होतों.

त्या उत्तरानें आमच्या छातींत धस्स झालें. ऊन, श्रम, वांति, भ्रम! हा मनुष्य पाण्यावांचून सुकला, असें मानून आम्हीं आपली बाटली उघडली व त्यांच्या ओठांस लावली. तोंच डॉक्टरांनीं आमचा हात धरला. "मास्तर, थांबा. पाणी देऊं नका." मग त्यांनीं रोग्याचा डावा हात आम्हांस दाखविला. पहांटे सैल असलेली अंगठी बोटांत रुतून बसली होती. जीभ ओली होती. तहान मुळींच नव्हती. सकाळपासून भरलेल्या पिशव्यांचा हिशेब केला, तेव्हां आठ तासांत सहा लिटरांहून अधिक पाणी पोटांत गेल्याचें दिसून आलें. आम्हीं प्रेमानें पुढें केलेली ती बाटली त्या वेळीं विषासमान ठरली असती. अज्ञान आणि प्रेम हीं दोन्हीं एकाच हातांत असूं शकतात, हें आम्ही त्या दिवशीं शिकलों.

डॉक्टरांनीं साधें पाणी बंद केलें, आणि लिंबाचें लोणचें व खारे शेंगदाणे थोडे थोडे चघळावयास दिले. रक्त तपासल्यावांचून अधिक कांहीं करतां येत नाहीं, शक्य तितक्या लवकर दवाखाना गांठला पाहिजे, असें त्यांनीं सांगितलें. पश्चिमेस तोरणा स्वच्छ दिसत होता. गणिताच्या मास्तरांचे पाय त्या दिवशीं आमच्या सर्वांहून ताजे होते. ते म्हणाले, "तुम्ही दोघे यांना घेऊन उतरा. मी एकटा पुढें जातों. दिवस असतांच वेल्ह्यास पोहोंचेन." त्यांनीं या दिवसासाठीं वर्षभर सराव केला होता. त्यांचें म्हणणें अविचाराचें नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर आमच्याही मनांत क्षणभर तोच विचार आला होता. आम्हीं फक्त पहांटेच्या कराराची आठवण दिली. ते कांहीं वेळ तोरण्याकडे पाहत उभे राहिले. मग त्यांनीं बुटांचे बंद आंवळले व विचारलें, "पालीला गाडी मिळेल ना?"

माचीवर फोन लागेना. पाली दरवाजाची बांधीव, रुंद व वर्दळीची वाट ते एकटेच धांवत उतरले. आम्ही दोघे रोग्यास मध्यें धरून पायरी पायरीनें खालीं आलों, तेव्हां पालीच्या एका गृहस्थाची जीप वाटेच्या तोंडाशीं उभी होती, आणि तिच्या मागच्या बांकावर घोंगडी पसरलेली होती. त्या गृहस्थांनीं भाडें घेण्याचें नाकारलें. दवाखान्यांत रक्त तपासलें. सोडियम 135 ते 145 असावयास पाहिजे, तें 126 होतें. दाट खारें पाणी शिरेंतून देण्यांत आलें. रात्रीं अकरा वाजतां मास्तरांनीं डोळे उघडून विचारलें, "तोरणा झाला का?" तेव्हां गणिताचे मास्तर इतके हंसले कीं परिचारिकेनें त्यांस बाहेर घालविलें. दुसऱ्या दिवशींची आमची उपासना त्या दवाखान्याच्या व्हरांड्यांतच झाली.

2024 च्या डिसेंबरांत आम्ही चौघेही पुन्हा निघालों. या वेळीं संजीवनी माचीवरून अळू दरवाजानें बाहेर पडून, मधली लांबच लांब सोंड ओलांडून, बुधला माचीनें तोरण्यावर चढलों, आणि विजेच्या दिव्यांच्या उजेडांत वेल्ह्यास उतरलों. आम्हांस 15 तास 20 मिनिटें लागलीं. नेस्मिथच्या हिशेबाहून जवळजवळ दोन तास अधिक! गणिताच्या मास्तरांनीं आतां आपल्या वहींत विश्रांतीचा व खडकाळ उताराचा एक वेगळा रकाना वाढविला आहे.

सोबत्याचीं कर्तव्यें

या अनुभवावरून कांहीं नियम आम्ही विद्यार्थ्यांपुढें ठेवतों.

1. चौघांहून कमी जणांनीं जाऊं नये. एक आजारी पडला, तर एकानें त्याच्यापाशीं बसावें व दोघांनीं मदतीस जावें.

2. सर्वांचा वेग तो मंदाचा वेग, हें निघण्यापूर्वींच ठरवावें. भर दुपारीं, थकलेल्या मनानें, न्याय करतां येत नाहीं.

3. सोबत्याच्या पायांकडे पाहावें तसें त्याच्या बोलण्याकडेही पाहावें. दर तासास त्यास साधा प्रश्न विचारावा. उत्तर चुकलें किंवा तो एकाएकीं गप्प झाला, तर तेथेंच थांबावें.

4. कोणी किती खाल्लें व किती प्यालें, याची नोंद एकानें ठेवावी. वांति व भ्रम दिसतांच कारण समजल्यावांचून पाणी पाजूं नये. तसेंच सुकलेल्यास पाण्यावांचूनही ठेवूं नये. अंगठी, जीभ व तहान यांची विचारपूस आधीं करावी, आणि वैद्याकडे नेण्यास विलंब करूं नये.

5. उतरण्याच्या वाटा आधीं पाहून ठेवाव्या. प्रत्येक गडावरून जवळचें गांव कोणतें, हें चौघांसही ठाऊक असावें.

6. रान हें आपलें घर नव्हे. आपण तेथील पाहुणे आहों. कड्यांवर आग्या मोहोळ असतें, म्हणून धूर व आरडाओरड करूं नये. वाळलेल्या गवतांत विस्तव पेटवूं नये. टांक्यांचें पाणी गढूळ करूं नये, आणि चिक्कीचा कागदही परत आणावा.

7. घरीं सांगून जावें. ज्या बेताची गोष्ट आईवडिलांपासून लपवावी लागते, त्या बेतांत कोठें तरी उणें आहे असें समजावें.

प्रेषित पौलानें ख्रिस्ती जीवनास धांवेची उपमा दिली आहे, हें आमच्या शास्त्रवर्गांतील मुलांस विदित आहेच. त्या उपमेंत नेटानें शेवट गांठण्यावर भर आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु त्याच प्रेषितानें एकमेकांचें ओझें वाहण्याविषयींही मंडळ्यांस लिहिलें, आणि तीं दोन्हीं शिक्षणें एकाच लेखणींतून उतरलीं आहेत. ज्या दिवशीं आमच्या मित्रानें आपली वर्षभराची तयारी बाजूस ठेवून पालीची वाट धरली, त्या दिवशीं तो तोरण्यास पोहोंचला नाहीं. पण त्याच्या आयुष्यांतील सर्वांत जलद धांव तीच होती, असें तो स्वतः सांगतो.

असो. ज्या विद्यार्थ्यांस या वाटेची खरोखर ओढ आहे, त्यांनीं पुढील सहा महिने आठवड्यांतून तीन दिवस शाळेमागील टेकडी चढावी-उतरावी. मग घरची अनुमति घेऊन आमच्याकडे यावें. लहान व सोपी वाट कोणती, तें आम्ही दाखवूं. मात्र येतांना कोणीही एकट्यानें येऊं नये. ज्याच्याबरोबर जावयाचें आहे, त्या सोबत्यास घेऊन यावें.